लहान शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडताना : पहारे, पाणी, स्वयंपाक आणि झोप

सुरसागरकाठ (बडोदे) – धागाकर्ता

महासागर ओलांडणाऱ्या लहान शिडाच्या नौकांविषयी मराठीत जे वाचायला मिळते, त्यात वादळांची वर्णने पुष्कळ असतात आणि वादळ नसलेल्या दिवसांविषयी जवळजवळ काहीच नसते. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी ‘तारिणी’ या ५६ फुटी नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २९ मे २०२५ रोजी परतल्या, तेव्हा आमच्या बडोद्यातही कौतुकाने चर्चा झाली. परंतु नौकेवर दोनच माणसे असताना झोप कशी वाटून घेतात, गोडे पाणी कशाकशाला वापरतात, शेगडीवरचे भांडे कलंडू नये म्हणून काय करतात, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माझ्या मते नौका पलीकडच्या किनाऱ्याला लागते ती याच गोष्टी रोजच्या रोज नीट झाल्यामुळे, म्हणून हा धागा काढत आहे.

एका मित्राच्या बारा मीटर लांबीच्या नौकेवर खलाशी म्हणून मी कॅनरी बेटांतील लास पाल्मासपासून कॅरिबियनमधील सेंट लुशियापर्यंत गेलो आहे. आम्ही तिघे होतो. हे अंतर सुमारे २,७०० सागरी मैलांचे आहे आणि एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. कॅरिबियनमधील चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर असा असल्यामुळे नौका नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर निघतात, आधी नैर्ऋत्येकडे केप व्हर्दे बेटांच्या रोखाने उतरतात आणि व्यापारी वारे (पूर्वेच्या बाजूने सतत वाहणारे वारे) नीट मिळू लागले की पश्चिमेकडे वळतात. १९८६ पासून दर वर्षी कॅनरी बेटांतून कॅरिबियनकडे नौकांचा एक मोठा ताफा निघतो. आमच्यासारख्या नौकेचा सरासरी वेग पाच ते सहा नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे सावकाश सायकल चालवणाऱ्या माणसाइतका असतो. फरक इतकाच की ही सायकल रात्रंदिवस थांबत नाही, आणि म्हणून साधारण तीन आठवड्यांत महासागर संपतो.

थांबता येत नाही, या एका गोष्टीतून बाकीची सगळी दिनचर्या निघते. भर समुद्रात नांगर टाकायला तळ हाती लागत नाही, त्यामुळे चोवीस तास कोणीतरी जागे असावेच लागते. आमच्याकडे तीन तासांचा पहारा आणि सहा तासांची मोकळीक अशी पद्धत होती. दिवसाचे असे आठ पहारे होतात आणि आठाला तीनने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येकाची वेळ रोज आपोआप पुढे सरकते आणि मध्यरात्रीनंतरचा जड पहारा एकाच माणसाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येत नाही. ही साधी सोय तिघांच्या मनःस्वास्थ्यासाठी फार मोलाची ठरते असे मला वाटते. पहारेकऱ्याने दर तासाला नोंदवहीत स्थान, दिशा, वेग, वारा आणि हवेचा दाब लिहायचा असतो.

दिवसातील सर्वांत महत्त्वाचे काम मात्र उजाडल्यावर होते. नौका अहोरात्र डुलत असते, आणि प्रत्येक हेलकाव्याला प्रत्येक दोर आपल्या कप्पीवर तेवढ्याच जागी घासतो. किनाऱ्यालगत हिंडणाऱ्या नौकेचा जो दोर वर्षानुवर्षे टिकतो, तोच येथे काही दिवसांत तुटू शकतो. म्हणून सकाळी एकाने संपूर्ण डेकवर फिरून दोर, शिडाच्या शिवणी, कप्प्या आणि डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांच्या खिळ्या बोटांनी चाचपून पाहायच्या, आणि ताणलेले दोर वीतभर पुढे-मागे घेऊन घासण्याची जागा बदलायची. डेकवर एखादी खिळी किंवा नट पडलेला सापडला, तर तो कोठून सुटला हे कळेपर्यंत दुसरे काम करायचे नाही. रात्रभरात येऊन पडलेले उडणारे मासेही याच फेरीत उचलले जातात.

बाकीचे कोणी विचारले तर सविस्तर लिहीन.


मांडवीकर

फार चांगला विषय काढलात, काका. मला एक सांगावे. रात्री एकटा माणूस बाहेर बसलेला असताना त्याला समोरून येणारे जहाज दिसेपर्यंत उशीर होत नाही का? आणि त्याला डुलकी लागली तर?


सुरसागरकाठ – धागाकर्ता

मांडवीकर, नौकेत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोनएक मीटर उंचीवर असतात आणि तेथून क्षितिज केवळ साडेपाच किलोमीटरवर असते. मालवाहू जहाज २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर वेगाने येत असेल तर तेवढे अंतर ते नऊ मिनिटांत कापते. त्याचे उंचावरचे दिवे क्षितिजाच्या अलीकडे येण्याआधीच दिसू लागतात, हे खरे. तरीही दर दहा-पंधरा मिनिटांनी उभे राहून चहूकडे नजर फिरवायची, हा नियम त्या हिशेबातून आला आहे. बहुतेक पहारेकरी तेवढ्या अंतराने वाजणारा गजर लावून ठेवतात. आता जहाजांची ओळख, दिशा आणि वेग दाखवणारी एआयएस यंत्रणा लहान नौकांवरही असते आणि ती फार उपयोगी आहे, परंतु ज्याने आपले यंत्र बंद ठेवले आहे त्याला ती दाखवत नाही. म्हणून डोळ्यांना पर्याय नाही.

रात्रीचे आणखी दोन नियम आम्ही कधीही मोडले नाहीत. केबिनच्या पायऱ्यांवर असतानाच कमरेचा पट्टा डेकवरच्या दोराला अडकवायचा आणि मगच बाहेर पाऊल टाकायचे. तसेच कॉकपिट, म्हणजे सुकाणूजवळची बसण्याची जागा, सोडून पुढे डोलकाठीकडे जायचे असेल तर आधी दुसऱ्याला उठवायचे, मग त्याची झोप कितीही मोडो. मागून वारा असताना पाण्यात पडलेल्या माणसाकडे नौका वळवून आणायला वेळ लागतो आणि लाटांमध्ये माणसाचे डोके थोड्याच अंतरावरून दिसेनासे होते. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात रात्री पावसाळी झोत येतात, पंधरा नॉटांचा वारा काही मिनिटांत तिसाच्या वर जातो. म्हणून दिवस मावळण्यापूर्वीच शीड आवळून लहान करून ठेवणे शहाणपणाचे. त्याने वेग थोडा कमी होतो, परंतु दोन माणसांची झोप वाचते, आणि मला हा सौदा नेहमीच योग्य वाटला.


दांडियाबाजार

नमस्कार काका. मला स्वयंपाकाविषयी सविस्तर वाचायचे आहे. तीन आठवडे ताजी भाजी नाही, दूध नाही, आणि सगळे हलत असताना पोळ्या कशा लाटायच्या? फ्रीज असतो का? आणि पाणी पुरते का?


सुरसागरकाठ – धागाकर्ता

ताई, पाण्यापासून सुरुवात करतो, कारण स्वयंपाकाचे सगळे नियम त्यावरून ठरतात. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी दिवसाला तीन लिटर धरले, तर तिघांना एकवीस दिवसांसाठी १८९ लिटर लागतात. प्रवास लांबण्याची शक्यता धरून याच्या दीडपट तरी पाणी असावे, आणि ते कधीही एकाच टाकीत नसावे. कारण टाकी फुटली किंवा तिच्यात खारे पाणी शिरले तर सगळेच जाते. काही नौकांवर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असते. ते वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाबाने पाणी पडद्यातून ढकलते, त्याला वीज लागते, आणि ते बिघडू शकते असे धरूनच टाक्या भरून निघायचे असते. आमच्या नौकेवर ते नव्हते. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवायचा. अंघोळ बादलीने ओढलेल्या समुद्राच्या पाण्याने करायची आणि अखेरीस तांब्याभर गोडे पाणी अंगावर घ्यायचे. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, शाम्पूला येतो. शेवटचा तो तांब्या चैनीचा नाही. मीठ अंगावर आणि कपड्यांवर राहिले की ते हवेतील ओल ओढून घेते, कपडे कधीच वाळत नाहीत आणि बसण्याच्या जागी फोड येतात, ज्यांच्यामुळे पुढे पहारा करणेही कठीण होते. पावसाची सर आली की आम्ही शिडाच्या खालच्या कडेशी बादली धरत असू. पहिले पाणी खारट असते म्हणून कपडे भिजवायला आणि नंतरचे साठवायला.

शेगडी अशी टांगलेली असते की नौका कलली तरी ती समपातळीत राहते, आणि तिच्यावर भांडी धरून ठेवणारे चिमटे असतात. या सगळ्यात आपला प्रेशर कुकर सर्वांत उपयोगी, कारण त्याचे झाकण घट्ट बसते आणि उलटला तरी आतले सांडत नाही. युरोपातील खलाशीही लांबच्या प्रवासात तो आवर्जून बाळगतात. आमचे मुख्य जेवण मुगाच्या डाळीची खिचडी, त्यावर तूप आणि मेतकूट असे असे. बटाटे उकडताना एक तृतीयांश समुद्राचे पाणी घातले की मीठही वाचते आणि गोडे पाणीही. पोळ्या लाटण्याचा प्रयत्न वाऱ्यापावसात करू नये. भाजणीचे थालीपीठ थापणे तुलनेने सोपे, आणि बडोद्याहून नेलेले खाकरे तर डबा घट्ट असेल तर शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात. स्वयंपाक करणाऱ्याने कमरेला पट्टा लावून स्वतःला ओट्याशी बांधायचे असते आणि उकाडा असला तरी जाड विजार घालायची असते, कारण अशा नौकेवर उकळत्या पाण्याने भाजणे हा मोठा धोका आहे आणि दवाखाना काही दिवसांच्या अंतरावर असतो. कप कधीही पूर्ण भरायचा नाही आणि ओततानाही तो हातात न धरता सिंकमध्ये ठेवून भरायचा.

गॅसच्या बाबतीत आमचा कप्तान अतिशय कडक होता आणि मला ते पटत होते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो बाहेर निघून न जाता नौकेच्या बुडाशी साचतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. म्हणून सिलिंडर केबिनपासून बंद अशा वेगळ्या कप्प्यात असतो, त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक असते, आणि प्रत्येक वापरानंतर सिलिंडरची तोटी बंद करून ती केल्याचे मोठ्याने सांगायचे असते.

भाज्यांचे म्हणाल, तर कोबी, लाल भोपळा, कांदे, बटाटे, लिंबे आणि संत्री तीन आठवडे टिकतात. मात्र कांदे आणि बटाटे एकत्र ठेवायचे नाहीत, सगळे हवेशीर जाळीत टांगायचे, आणि रोज एकेक उलटून पाहून डागाळलेले लगेच वापरायचे. अंडी न धुतलेली आणि कधीही फ्रीजमध्ये न ठेवलेली विकत घ्यायची आणि एक दिवसाआड उलटी करून ठेवायची. तशी ती आठवडेच्या आठवडे चांगली राहतात. केळ्यांचा घड घेऊ नये असे माझे मत आहे, कारण सगळी एकाच दिवशी पिकतात. हिरवे काही खावेसे वाटू लागते ते दुसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा मोड आणलेल्या मुगांना जी किंमत येते तिची कल्पना किनाऱ्यावर येत नाही. आमच्या नौकेवर लहानसा फ्रीज होता, परंतु वीज वाचवण्यासाठी आम्ही तो बंद ठेवला होता. दूध भुकटीचे.

प्लास्टिक समुद्रात कोठेही टाकायला आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदी आहे. अन्नाचे अवशेष किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे टाकता येतात. म्हणून निघण्यापूर्वीच सर्व सामान वेष्टनातून काढून डब्यांत भरायचे, म्हणजे तीन आठवडे कचऱ्याच्या पिशव्या सांभाळाव्या लागत नाहीत.


जुनी_छावणी (ग्वाल्हेर)

मी नौदलातून निवृत्त झालो आहे, लहान नौका शिडावर चालवण्याची आवड सेवेत असतानाच लागली. सुरसागरकाठ यांनी लिहिलेले वाचून समाधान वाटले. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट सुकाणूची. तीन आठवडे माणसांनी आळीपाळीने सुकाणू धरून बसणे शक्य असले तरी ते माणसाला संपवते. त्यामुळे एकतर विजेवर चालणारा स्वयंचालक असतो किंवा वाऱ्यावर चालणारे यंत्र. दुसऱ्यात नौकेच्या मागील टोकाला एक हलके पाते वाऱ्याच्या दिशेशी जुळवून ठेवलेले असते. नौका वळली की वारा ते पाते ढकलतो, त्याने पाण्यातील एक पट्टी फिरते, आणि पाण्याच्या जोराने ती पट्टी दोरांकरवी सुकाणू ओढते. कर्नल हॅसलर यांनी असे यंत्र वापरून १९६० च्या एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत भाग घेतला आणि त्यानंतर ते सर्वत्र पसरले. त्याला वीज अजिबात लागत नाही. मात्र ते होकायंत्र जाणत नाही, केवळ वारा जाणते. वारा हळूहळू फिरला तर नौकाही त्याच्याबरोबर निमूटपणे फिरते आणि पहारेकऱ्याने होकायंत्र पाहिले नाही तर सकाळपर्यंत भलत्याच दिशेला मजल मारलेली असते. विजेच्या यंत्राचा धोका उलट आहे: ते दिशा सोडत नाही, पण वारा फिरला तर शीड अचानक दुसऱ्या बाजूला झेपावते, आणि शिडाच्या तळाची आडवी काठी त्या झटक्यात माणसाचे डोके फोडू शकते. म्हणून मागून वारा असताना ती काठी पुढच्या बाजूला दोराने बांधून ठेवतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या परंपरेची. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात चार बंदरांत थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून ३१ मार्च २०१३ रोजी परतेपर्यंत कोठेही न थांबता ती केली. ‘तारिणी’ ही ‘म्हादेई’चीच धाकटी बहीण, तीही गोव्यातच बांधली गेली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा अधिकारी महिलांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात तिच्यातून प्रदक्षिणा केली. सहा माणसे असली की पहारा सोपा होतो, परंतु पाणी, अन्न आणि जागा यांचा हिशेब सहापट होतो, हे आपण वर वाचलेच आहे.


सुरसागरकाठ – धागाकर्ता

सर, सुकाणूविषयी आपण जे लिहिले ते मला इतके नेमके सांगता आले नसते. आमच्या नौकेवर वाऱ्याचे यंत्रच होते आणि रात्री ते चालू असताना दिशा तपासण्यासाठी मी ध्रुवताऱ्याचाही आधार घेत असे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो तितकाच आपला अक्षांश असतो. बडोद्याच्या गच्चीवरून तो सुमारे २२ अंशांवर दिसतो, आणि सेंट लुशिया जवळ येत गेले तसा तो १४ अंशांपर्यंत उतरला. यंत्रावर आकडे दिसत असतानाही ही गोष्ट डोळ्यांनी अनुभवणे मला फार महत्त्वाचे वाटते. घड्याळाचेही तसेच आहे. रेखांशाच्या दर १५ अंशांना एक तास मागे जावे लागते, त्यामुळे जेवणाच्या वेळा सूर्याप्रमाणे सरकवल्या तरी नोंदवहीत मात्र ग्रीनिचचीच वेळ ठेवायची, नाहीतर हिशेबात गोंधळ होतो.


सराफा_इंदूर

माझी मुलगी अशा प्रवासाला जाण्याचा विचार करत आहे आणि आई म्हणून मला काही सरळ प्रश्न विचारायचे आहेत. समुद्र लागणे किती दिवस चालते? कोणी आजारी पडले तर काय करतात? तीन आठवडे त्याच दोन माणसांबरोबर राहताना भांडणे होत नाहीत का? आणि आपल्याकडे समुद्र नसताना हे शिकायचे कोठे?


सुरसागरकाठ – धागाकर्ता

ताई, समुद्र लागणे बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन दिवसांत ओसरते. गोळी निघण्याच्या आधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. सिनारिझिन पुष्कळ खलाशी घेतात, पण तिने झोप येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून किनाऱ्यावर एकदा घेऊन पाहावी. सुंठ, कोरडे खाकरे, थोडे थोडे पाणी, आणि क्षितिजाकडे पाहत बाहेर बसणे यांचा उपयोग होतो. पहिले तीन दिवस स्वयंपाक होणार नाही असे धरून निघण्यापूर्वीच उकडलेले बटाटे आणि थेपले तयार ठेवावेत. उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होणे हाच यातला खरा धोका आहे.

भांडणांविषयी आपण विचारले ते फार बरे केले. माझ्या अनुभवात माणसे चिडतात ती बहुधा झोपेअभावी, आणि पहारा सोपवताना कोणी दहा मिनिटे उशिरा वर आला की ती दहा मिनिटे मनात राहतात. म्हणून वेळेवर उठणे हा तेथला सर्वांत मोठा शिष्टाचार आहे. संध्याकाळचे जेवण उजेड असताना तिघांनी एकत्र घ्यायचे आणि त्याच वेळी तक्रारी बोलून टाकायच्या, असे आमचे ठरले होते. उरलेल्या वेळात कोणी न बोलता बसले तर त्याला एकटे राहू द्यायचे. झोपण्याच्या फळीला कापडाची आडोशी भिंत बांधलेली असते, त्यामुळे हेलकाव्याने माणूस खाली पडत नाही. ती बांधून आत गेलेल्या माणसाला नौका बुडत असल्याशिवाय किंवा डेकवर दुसऱ्या माणसाची गरज असल्याशिवाय हाक मारायची नाही. एवढीशी जागाही आपली असणे पुरते.


जुनी_छावणी (ग्वाल्हेर)

आजारपणाचे उत्तर मी देतो, ताई. नौकेवर औषधपेटी असते, उपग्रह फोनवरून डॉक्टरांचा सल्ला मिळतो, आणि संकटात ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारा संकेतक असतो. तरीही माणूस प्रत्यक्ष पोहोचायला वेळ लागतो. अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही नौका गोल्डन ग्लोब या एकट्याने न थांबता करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत असताना २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. फ्रान्सचे ‘ओसिरिस’ हे जहाज त्यांच्यापर्यंत २४ सप्टेंबरला पोहोचले. नंतर तेच पुन्हा गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने ती त्यांनी पूर्ण केली. व्यापारी वाऱ्यांचा अटलांटिक मार्ग त्या दक्षिणेच्या समुद्राइतका निर्मनुष्य आणि उग्र नाही, पण मुलीने प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण घेतल्याशिवाय आपण परवानगी देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. दात आणि पोट यांची तपासणी तर निघण्यापूर्वी करून घ्यावीच.

शिक्षणासाठी समुद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. इंदूरपासून जवळच, भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे, आणि वारा ओळखणे, शीड आवळणे, दोर हाताळणे हे डिंगीवर, म्हणजे शिडाच्या छोट्या होडीवर, तळ्यातच उत्तम येते, कारण तेथे केलेल्या प्रत्येक हालचालीचे उत्तर नौका तत्काळ देते. त्यानंतर गोवा किंवा मुंबईत मोठ्या नौकेवर काही मोसम काढावेत आणि किनारा दिसेनासा होईल अशा दोन-तीन रात्रींच्या सफरी कराव्यात. तिसऱ्या रात्री, झोप अपुरी असताना, ती आपल्या पहाऱ्याला न उठवता उठते का, हे तिच्या कप्तानाला विचारावे.


सराफा_इंदूर

सर, काका, दोघांचेही मनापासून आभार. भोपाळला नाव नोंदवण्याची चौकशी याच आठवड्यात करते आणि प्रथमोपचाराचेही पाहते. गॅसच्या तोटीविषयी आणि पहाऱ्याच्या वेळांविषयी जे लिहिले आहे ते मुलीला छापून देत आहे. तिचा एक प्रश्न आहे: चष्मा लावणाऱ्यांनी खाऱ्या फवाऱ्यात काय करावे?


सुरसागरकाठ – धागाकर्ता

चष्म्याला दोरी बांधावी, दुसरा चष्मा कोरड्या डब्यात ठेवावा, आणि काच खारी असताना कधीही पुसू नये, कारण मिठाचे कण तिच्यावर ओरखडे काढतात. ओंजळभर गोडे पाणी ओतून मगच मऊ कापड लावावे. पहाऱ्याला बसणाऱ्याच्या काचेसाठी तेवढे पाणी आमच्या कप्तानाने कधी नाकारले नाही.